शब्दांचा सोऱ्या

चल, एक कोडं घालते. तीन शब्द नीट ऐक. तहसील. महसूल. आणि आजी वैतागून म्हणते ना, ‘आता रडून काय हशील?’ त्यातला तो हशील!

तहसील तर तालुक्याच्या कचेरीच्या पाटीवरच लिहिलेली असते. महसूल म्हणजे सरकारजमा होणारा सारा, कर वगैरे. हशील म्हणजे हाती लागणारा फायदा. सांग बघू, या तिघांत सारखं काय?

सुचत नाही? मग खोडरबर घे. काना, वेलांटी, उकार, सगळं पुसून टाक! काय उरलं? तहसल. महसल. हशल. अरेच्चा! तिघांच्याही पोटात एकच त्रिकूट दडून बसलंय: ह, स, ल. (हशीलमधला श हा खरा स-च. मराठीत येता येता तेवढा घसरला.)

ही किमया आहे अरबी भाषेची. सौदी अरेबिया, इजिप्त, इराक, मोरोक्को अशा वीसहून जास्त देशांची ही भाषा. तिच्यात अक्षरं २८. लिहायचं उजवीकडून डावीकडे! पण सगळ्यात मोठी गंमत आहे तिच्या व्याकरणात. व्याकरण म्हटल्यावर पान उलटू नकोस हं! आज आपण विभक्तीचे तक्ते पाठ करणार नाही. फराळ करणार आहोत.

म्हणजे असं बघ. दिवाळीत घरी सोऱ्या निघतो. त्यात पीठ भरायचं, खाली चकती बसवायची आणि दाबायचं. बारीक भोकांची चकती लावली की शेव पडते. चांदणीची लावली की काटेरी चकली. लांबट फटीची लावली की पापडी. पीठ आत तेच, बाहेर येणारा आकार मात्र चकतीचा!

अरबी भाषेत शब्द असेच पडतात. तीन अक्षरं म्हणजे पीठ. त्या पिठाला आपण व्याकरणात धातू म्हणतो. पण नुसतं पीठ कुणी खातं का? त्याला आकार द्यायला चकती हवी. चकती म्हणजे काना, वेलांटी, उकार कुठे लावायचे त्याचा ठरलेला नमुना.

जरा करून बघू या. पीठ घे क-त-ब. या तीन अक्षरांत लिहिण्याचा अर्थ भरलेला आहे. आता पहिली चकती लाव. पहिल्या अक्षराला काना, दुसऱ्याला वेलांटी. काय पडलं? का-ति-ब. कातिब म्हणजे लिहिणारा!

चकती बदल. आधी एक म जोड आणि दुसऱ्या अक्षराला दे दीर्घ ऊकार. मक्तूब. म्हणजे लिहिलेलं!

अजून एक. म पुढे ठेव, बाकी सगळं साधं. मक्तब. म्हणजे लिहिण्याची जागा. अरब देशांत ऑफिसला आणि लिहिण्याच्या टेबलालाही मक्तब म्हणतात. त्याच्या टोकाला आणखी एक काना दिला की मक्तबा, म्हणजे ग्रंथालय! आणि ‘किताब’ तर तुला ठाऊकच आहे. तेही याच पिठाचं.

आपण मराठीत काय करतो? लिही-ला मागून शेपूट लावतो. लिहिणारा, लिहिलेलं, लिहिताना. अरबी मात्र शेपटीवर थांबत नाही. ती शब्दाच्या पोटातच हात घालते आणि आतली रचना बदलून टाकते!

आता खरी मजा पुढे आहे. तीच चकती दुसऱ्या पिठाला लाव.

काना-वेलांटीची चकती आठवतेय ना? ती नेहमी ‘करणारा’ पाडते. त-ल-ब म्हणजे मागणं, शोधणं. मग तालिब कोण? शोधणारा. ज्ञान शोधणारा, म्हणजे विद्यार्थी! क-त-ल म्हणजे ठार मारणं. मग कातिल कोण? आलं ना लक्षात? ह-क-म म्हणजे हुकूम करणं. मग हाकिम? हुकूम सोडणारा! बघ, एकही अरबी पुस्तक न उघडता तुला तीन शब्द आले.

आणि जागेची चकती? द-र-स म्हणजे शिकणं. त्याची जागा मद्रसा, म्हणजेच मदरसा. स-ज-द म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं. त्याची जागा मस्जिद, आपल्याकडची मशीद. त-ब-ख म्हणजे शिजवणं, म्हणून स्वयंपाकघर म्हणजे मतबख. मैदानालाही हीच चकती! खेळण्याच्या पिठाचा शब्द मलअब. आणि गाण्याची मैफल? तिचं मूळ रूप महफिल. ह-फ-ल म्हणजे जमणं, आणि महफिल म्हणजे जमण्याची जागा!

‘केलेलं’वाली चकती तर मराठीत धो धो शब्द ओतून गेली आहे. ती पुढे म लावते आणि आत दीर्घ ऊ घालते, हे विसरू नकोस. महसूल म्हणजे गोळा केलेलं. मशहूर म्हणजे गाजलेला. मजबूर म्हणजे भाग पाडलेला. मजबूत म्हणजे घट्ट धरलेला, आणि जप्ती, जप्त हे शब्दही त्याच पिठाचे! मजकूर म्हणजे उल्लेख केलेलं. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. मंजूर आणि नजर एकाच घरचे, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

पण सावध! मजूर हा शब्द तसाच वाटतो ना? म पुढे, आत ऊ. तो नुसता वेषांतर करून आलाय. तो फारसी आहे. मजुरीला फारसीत ‘मुज्द’ म्हणतात, त्यावरून आला. दिसलं तसं सगळंच नसतं बरं का!

आता तुझी आजी जर म्हणाली, ‘अगं, शेवेला बेसन लागतं आणि चकलीला भाजणी. काय वाटेल ते पीठ वाटेल त्या चकतीत घालून कसं चालेल?’ तर आजीचं बरोबरच आहे. अरबीतही प्रत्येक पीठ प्रत्येक चकतीतून पडत नाही. कुठलं चालतं आणि कुठलं नाही, ते ऐकून आणि वाचूनच कळतं. आणि काही धातूंत अक्षरं तीन नाही, चार असतात. तर्जुमा म्हणजे भाषांतर, त्यात त-र-ज-म अशी चार आहेत. पण तिघांचंच राज्य मोठं.

बरं, आता सुरुवातीचं कोडं पुरं सोडवू या. ह-स-ल म्हणजे हाती येणं, जमा होणं. ‘करणारा’वाल्या चकतीतून पडलं हासिल, त्याचा आपण हशील केला. ‘केलेलं’वाल्या चकतीतून महसूल. आणि तहसील? त्यासाठी चौथी चकती आहे. पुढे त, आत दीर्घ ई. ही चकती ‘करण्याचं काम’ सांगते. तहसील म्हणजे जमा करण्याचं काम, वसुली!

याच तीन चकत्यांत आणखी एक पीठ घालू. अर्थ आहे जाणणं. यातलं पहिलं अक्षर आपल्याकडे नाहीच. त्याचं नाव ऐन. ते घशाच्या पार तळातून निघतं. आपल्या जिभेला ते काही जमलं नाही, म्हणून मराठीत ते विरघळून नुसता आ उरला. दुसरं ल, तिसरं म. आता बघ काय पडतं! जाणणारा, विद्वान, तो आलिम. जाणलेलं ते मालूम. आणि जाणवून देण्याचं काम, म्हणजे शिकवणं, ती तालीम.

हो, तीच तालीम! पैलवान जोर-बैठका मारतात ती. कोल्हापुरात तर गल्लीगल्लीत सापडेल. नाटकवालेही पडदा उघडण्याआधी तालीम करतात. ‘मला काय मालूम’मधला मालूम आणि लाल मातीतली तालीम सख्खे भाऊबहीण! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मोठ्यांदा हसूच आलं होतं.

आणि तपशील? तोही त-आणि-ई वाल्या चकतीचा! मूळ शब्द तफसील. पीठ फ-स-ल, म्हणजे वेगवेगळं करणं. एकेक गोष्ट वेगळी करून सांगणं म्हणजे तपशील सांगणं. तहसील, तालीम, तपशील. म्हणून बघ जोरात. तिघांचा ठेका अगदी एक आहे!

आता तुझ्या वर्गात जाऊ. रोज सकाळी बाई हजेरी घेतात. तू म्हणतेस किंवा म्हणतोस, ‘हजर!’ हा हजर मुळात हाजिर. काना आणि वेलांटी, म्हणजे पुन्हा ‘करणारा’वाली चकती. हाजिर म्हणजे समोर असणारा. याच पिठातून राजासमोर म्हणायचा ‘हुजूर’ पडला. आणि जुन्या मराठी कागदपत्रांत ‘महजर’ सापडतो. शिवकाळात गावात वतनाचं भांडण लागलं की गोतसभा भरायची. सगळ्यांना समोर बोलावून निवाडा व्हायचा आणि तो लिहून ठेवायचे. त्या कागदाला म्हणायचे महजर. तुझी हजेरी आणि तो महजर एकाच सोऱ्यातले!

आणि शाळेचा दाखला? द-ख-ल म्हणजे आत शिरणं. दाखल म्हणजे आत शिरलेला. पण आपण कागद कुठला मागतो? शाळा सोडल्याचा दाखला! बाहेर पडायच्या कागदावर आत शिरायचा शब्द. आहे की नाही मजा? बाहेर पडण्याचं पीठ खरं तर वेगळं आहे, ख-र-ज. त्यातून खारीज आला आणि खिशातून बाहेर पडतो तो खर्चही आला.

हे सगळे शब्द आपल्याकडे आले कसे? सरळ अरबस्तानातून फार थोडे. बरेचसे इराणमार्गे आले. फारसी भाषेने अरबीतून ढीगभर शब्द घेतले होते. बहामनी, निजामशाही, आदिलशाही दरबारांत फारसी चालायची. तिथून ते आपल्या कचेऱ्यांत आणि मग ओसरीवर येऊन बसले. इतके, की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला आणि कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. तरीही तहसील आणि महसूल काही हलले नाहीत!

आता विचार कर. अरबी शब्दकोशात मक्तबा शोधायचा झाला तर कुठे बघशील? म-मध्ये? छे! पारंपरिक अरबी कोशात तो क-मध्ये मिळतो. कारण कोश लावलेले असतात पिठांवरून. क-त-ब उघडलं की कातिब, किताब, मक्तूब, मक्तब सगळे एकाच ओळीत बसलेले. शब्द शोधण्याआधी त्याचं पीठ ओळखावं लागतं. म्हणजे कोश उघडायलाच व्याकरण हवं!

अरबीचा पहिला मोठा शब्दकोश आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात सुरू झाला. सुरू करणाऱ्याचं नाव अल-खलील. त्याने अक्षरांचा क्रम कसा लावला असेल? घशाच्या तळापासून सुरुवात केली, म्हणजे आपलं ते ऐन. मग हळूहळू जिभेवरून पुढे पुढे येत शेवट ओठांपाशी. आता क, ख, ग, घ म्हण. घशात. मग प, फ, ब, भ. ओठांवर. आपली मुळाक्षरंही घशाकडून ओठांकडेच चालतात की! आज अरब मुलं मात्र या क्रमाने शिकत नाहीत. ती म्हणतात अलिफ, बा, ता.

या अल-खलीलचा एक शिष्य होता, सीबवैह. तो मूळचा इराणी, म्हणजे अरबी त्याची घरची भाषा नव्हे. आणि अरबी व्याकरणाचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक कुणी लिहिलं? त्यानेच! पुस्तकाला नाव द्यायच्या आधी तो वारला. मग लोक त्याला नुसतं ‘अल-किताब’ म्हणू लागले. ‘ते’ पुस्तक! आजही तेच नाव आहे.

चल, आता अनेकवचन. मराठीत घर, घरं. मुलगी, मुली. टोकाला बदल केला की झालं. अरबीत काही शब्दांचं असंच होतं, पण खूपशा शब्दांचा चक्क भुगा करून नवा शब्द पाडतात! किताबचं अनेकवचन कुतुब. बैत म्हणजे घर, त्याचं बुयूत. खबरचं अखबार, म्हणजे पुष्कळ बातम्या, आणि म्हणून हिंदीत वर्तमानपत्राला अखबार. अरबी व्याकरणकारांनी याचं नावच ठेवलंय ‘मोडलेलं अनेकवचन’.

आपण गोष्टींमध्ये ‘अमीर-उमराव’ वाचतो ना? दरबारात बसलेले. दोन वेगळ्या जातीचे सरदार असतील असं वाटतं. कुठलं काय! उमरा हे अमीरचंच अनेकवचन. आपण एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी बसवून टाकलंय!

त्याहून भारी ऐक. तालुक्याला नायब तहसीलदार असतात. नायब म्हणजे दुय्यम, दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. नायबचं अनेकवचन नुव्वाब. त्यावरून आला नवाब! एकाच माणसाला अनेकवचन कशाला? अगं, अरे, आपणही ‘आजोबा आले’ म्हणतोच की. मान द्यायला!

आणि अरबीत एकवचन, अनेकवचन यांच्या मधे अजून एक खाना आहे. फक्त दोघांसाठी! संस्कृत शिकणाऱ्या ताईला विचार, ती द्विवचन म्हणून लगेच ओळखेल. वलद म्हणजे मुलगा, वलदान म्हणजे दोन मुलगे आणि तीन झाले की औलाद. द्विवचनाचं दुसरं रूप ‘ऐन’ने संपतं. बहर म्हणजे समुद्र. मग बहरैन? दोन समुद्र! नकाशात आखाताच्या निळ्या पाण्यात ते चिमुकलं बेट शोध. सबंध देशाचं नाव द्विवचनात!

आता एक छोटंसं अक्षरयुग्म घे. अल. एखादी ठरावीक वस्तू दाखवायची असली की शब्दाच्या पुढे हे लावतात. त्याची करामत बघ. कबीर म्हणजे मोठा. (हो, संत कबीरांचं नाव! आणि त्याच पिठातून ‘त्याहून मोठा’ अशा अर्थाचा शब्द पाडला की होतो अकबर.) विशेषण नामाच्या मागून येतं. तर, ‘बैत कबीर’ म्हणजे एक मोठं घर. ‘अल-बैत अल-कबीर’ म्हणजे ते मोठं घर. आणि फक्त घराला अल लावलं, कबीरला नाही? ‘अल-बैत कबीर’. आता ते झालं अख्खं वाक्य: ते घर मोठं आहे! ‘आहे’ कुठे गेलं? नाहीच मुळी. एक अल काढला आणि वाक्य तयार!

विभक्ती? पुस्तकी अरबीत फक्त तीन. शब्दाच्या टोकाला उ, अ नाहीतर इ. स-ला-ते पाठ करणाऱ्यांनी हेवा करावा असंच आहे. आणि रोजच्या बोलण्यात तर लोक ही टोकं बहुतेक गाळूनच टाकतात.

अल-ची शेवटची खोडी राहिली. दोन शास्त्रज्ञांची नावं म्हण. अब्दुल कलाम. अब्दुस सलाम. एक आपले राष्ट्रपती झाले, दुसऱ्यांना १९७९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांच्या नावांच्या मधे खरं तर अल-च आहे. मग दुसऱ्यात ल-चा स कसा झाला?

ल म्हण. जिभेचं टोक कुठे गेलं? वरच्या दातांच्या मागे. आता स, द, न, र म्हण. जीभ तिथेच आसपास घुटमळते! मग एकाच जागी दोनदा कशाला तडफड करायची? ल पुढच्या अक्षरात विरघळून जातो. क, ब, म म्हणताना मात्र जिभेचं टोक मोकळं असतं, म्हणून ल टिकतो. मिरजेचे थोर गवई अब्दुल करीम खाँ यांच्या नावात तो बघ कसा ठणठणीत आहे! २८ अक्षरांपैकी १४ ल-ला गिळतात, १४ गिळत नाहीत. गिळणारी सूर्याची अक्षरं, न गिळणारी चंद्राची. कारण सूर्य म्हणजे शम्स, त्याचं होतं अश्-शम्स. चंद्र म्हणजे कमर, तो राहतो अल-कमर. आपल्याकडेही तत् आणि लीन मिळून तल्लीन होतंच की. फक्त आपल्याकडे ल गिळतो, त्यांच्याकडे ल गिळला जातो.

हा नियम किती दूर गेला, माहीत आहे? स्पेन-पोर्तुगालवर काही शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी शब्द घेताना ते अलसकट उचलले. कापूस म्हणजे अल-कुत्न. पोर्तुगीजमध्ये झाला आल्गोदाँव. क चंद्राचा, म्हणून ल शाबूत! तांदूळ म्हणजे अर्-रुज्ज, तो झाला आर्रोज. र सूर्याचा, ल गायब! गोव्यात कुणी पोर्तुगीज जाणणारे आजोबा भेटले तर त्यांना साखरेला काय म्हणतात ते विचार. म्हणतील, आसुकार. ती आहे अरबी अस्-सुक्कर. आणि सुक्कर म्हणजे आपली शर्करा! भारतातून निघाली, इराणातून अरबांकडे गेली, तिथे तिला अल चिकटला आणि स-ने लगेच त्यातला ल गिळला. मग ती पोर्तुगालला पोचली आणि जहाजात बसून गोव्याला परत आली!